बंबाचे पाणी आणि दाढीचा फेस

दाढीचा फेस ऊन असावा आणि हात चालत असेतो तो ऊनच राहावा, ही अपेक्षा आज इतकी स्वाभाविक वाटते की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. परंतु महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ती फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची आहे, आणि ती उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या घरांतील क्षौरकर्माची जागा, त्याची वेळ, ते करणारा हात आणि त्यासाठी लागणारे पाणी या चारही गोष्टी बदलाव्या लागल्या. ऊन पाणी आपल्याकडे पुरातन काळापासून होते, फेस पुष्कळ मागाहून आला, आणि या दोहोंची गाठ पडली ती घराच्या मागल्या अंगाला, मोरीत, धुमसत्या बंबाशेजारी. ही गाठ पडायला इतका काळ का लागला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर साबणाच्या वडीपेक्षा आपल्या घरांच्या रचनेत आणि आचारात अधिक सापडते.

प्रथम फेसाच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. फेस म्हणजे साबणाच्या पाण्याच्या अतिशय पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. त्यात पाण्याचा अंश थोडा, म्हणून उष्णता साठवून ठेवण्यास द्रव्यच अपुरे, आणि त्याचा पृष्ठभाग मात्र विस्तीर्ण, म्हणून बाष्पीभवनाने असेल तेवढी उष्णताही झपाट्याने निघून जाते. गालावर पसरलेला ऊन फेस मिनिट-दोन मिनिटांत निवतो तो यामुळेच. दाढीचा केस कोरडा असताना चिवट आणि राठ असतो. तो पाणी शोषू लागला म्हणजे फुगतो, मऊ होतो, आणि मग पाते त्याला न ओढता कापून जाते. होलँडर आणि कॅसलमन या दोघा संशोधकांनी १९३७ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात या विषयाची शास्त्रीय चिकित्सा प्रसिद्ध केली, तिचे तात्पर्य असे की केस मऊ करण्याचे खरे काम पाण्याचे आहे. साबण केसावरील स्निग्ध थर दूर करतो आणि पाणी केसाशी धरून ठेवतो, आणि पाणी ऊन असेल तर ही सगळी क्रिया लवकर पुरी होते. तेव्हा ज्याला फेस ऊन ठेवायचा आहे त्याने फेसाच्या पाठीमागे न लागता फेसाखालचे भांडे, फेस करणारा ब्रश आणि त्यापूर्वी चेहऱ्याला लावलेले पाणी यांची उष्णता राखली पाहिजे. देशोदेशींच्या लोकांनी या कामी ज्या ज्या युक्त्या योजल्या त्या सर्वांचे मर्म एवढेच आहे.

आता आपल्याकडील जुनी वहिवाट पाहू. मराठी गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचा मोबदला रोकड नाण्यात ठरलेला नसे. सुगी झाली की खळ्यावर बलुत्याचे धान्य त्याच्या पदरात पडे, आणि त्याबदली वर्षभर गावाची डोकी व दाढ्या करणे, अंग रगडणे, लग्नकार्यात आपल्या वाट्याची कामे पार पाडणे हा त्याचा हक्कही होता आणि बांधिलकीही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. मुलकी खात्यात नोकरी करीत असता डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या या बलुतेपद्धतीचे त्यांनी त्यात जे सविस्तर विवेचन केले आहे, ते वाचले म्हणजे ही व्यवस्था त्या काळापर्यंत किती जिवंत आणि किती जाचक होती याची कल्पना येते. क्षौर त्या काळी नित्याचे कर्म नव्हते. आठवड्याने, पंधरवड्याने, आणि तेही वार व तिथी पाहून ते होई. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या असे किती तरी दिवस त्यातून वगळलेले असत, आणि घरात सुतक, व्रत किंवा अन्य काही निमित्त असले तर मुदत आणखी लांबे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षौराची जागा. ते घराच्या अंतर्भागात कधीच होत नसे. ओसरीच्या कडेला, अंगणात, पारावर किंवा नदीच्या घाटावर न्हावी आणि यजमान समोरासमोर उकिडवे बसत. धोकटी उघडली जाई. तीतून वस्तरा, कातर, चिमटा, नराणी, चामोटी, आरसा आणि पितळेची लहानशी वाटी बाहेर येई. वाटीत आडाचे नाही तर नदीचे गार पाणी घेतले जाई. क्षौर झालेला माणूस स्नान करीपर्यंत घरात कशालाही शिवत नसे. तो अंगणातून वळसा घालून थेट न्हाणीकडे जाई, आणि तेथे चुलीवर तापलेले कढत पाणी त्याची वाट पाहत असे. ऊन पाणी घराच्या मागल्या अंगाला आणि वस्तरा पुढल्या अंगाला, अशी ही मांडणी होती, आणि दोहोंच्या मध्ये आख्खे घर आणि त्याचा सोवळ्याओवळ्याचा सारा कायदा उभा होता. ऊन पाण्याची एवढी सवय असलेल्या समाजाला ते दाढीसाठी वापरण्याची बुद्धी शतकानुशतके झाली नाही, याचे कारण मला तरी येथे दिसते. पाणी तापत होते ते स्नानासाठी, आणि क्षौर हे स्नानापूर्वीचे, घराबाहेरचे कर्म होते.

मग त्या गार पाण्याने, साबणावाचून, दाढी होत तरी कशी असे? याचे उत्तर न्हाव्याच्या बोटांत होते. संत सेना न्हावी यांनी आपल्या व्यवसायाचेच रूपक करून रचलेला अभंग वारकऱ्यांच्या मुखी आहे. त्यात विवेकाचा आरसा आहे, वैराग्याचा चिमटा आहे, शांतीचे पाणी लावून डोई घोळण्याची क्रिया आहे, पण साबण कोठेही नाही. ही घोळण्याची क्रिया म्हणजे त्या काळच्या क्षौराचा प्राण. वाटीत बोटे बुडवून न्हावी गालाला, हनुवटीला, गळ्याला पाणी लावी आणि चोळीत राही. पुन्हा बोटे बुडवी, पुन्हा चोळी. केसांच्या दिशेने आणि उलट दिशेने, अंगठ्याच्या उंचवट्याने आणि चार बोटांच्या टोकांनी, बोलत बोलत, गावातल्या वार्ता सांगत सांगत, कितीतरी वेळ हे चाले. पाणी केसात मुरण्यास जो वेळ लागतो तो या चोळण्यात आपोआप निघून जाई, आणि घर्षणाने त्वचेखालचे रक्त खेळू लागले की जी ऊब लागते ती शेकोटीवाचून मिळे. ज्या कामाला पुढे साबण, ब्रश आणि ऊन पाणी अशी तीन साधने लागली ते काम एका माणसाची दहा बोटे करीत होती. या कसबाची नोंद आपल्या वाङ्मयात फार थोडी झाली आहे, आणि ती अधिक व्हायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

याच वस्तऱ्याच्या वहिवाटीला दुसरी, अत्यंत क्लेशकारक बाजूही होती, आणि तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. विधवांचे केशवपन करण्याचे काम रूढीने न्हाव्याकडेच आलेले होते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने न्हाव्यांची सभा भरली आणि हे काम यापुढे आपण करणार नाही असा निश्चय तेथे जाहीर झाला. ज्यांना गावगाड्यात कोणी विचारीत नव्हते त्यांनी शास्त्री-पंडितांच्या वादविवादाची वाट न पाहता आपला वस्तरा खाली ठेवला, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील आपल्या सामाजिक इतिहासात मानाने सांगण्यासारखी आहे.

दाढीच्या पाण्याच्या बाबतीत युरोपातील परिस्थिती मुळातच निराळी होती. तेथे हवा थंड, खोल्या थंड, आणि सकाळचे पाणी तर सुरईत गोठण्याच्या बेतात आलेले. त्यामुळे दाढीच्या पाण्याची ऊब हा तेथे चैनीचा भाग राहिला नाही. फ्रान्समध्ये झाँ-झाक पेरे नावाच्या शस्त्रकाराने १७६९ साली माणसाने आपली दाढी आपण कशी करावी हे शिकविणारे एक संपूर्ण पुस्तकच लिहिले, आणि सुताराच्या रंध्यासारखी लाकडी आड बसविलेला वस्तराही त्याने प्रचारात आणला. इंग्लंडातील सुखवस्तू घरांत सकाळी नोकर पितळेच्या किंवा तांब्याच्या झाकणाच्या डब्यातून ऊन पाणी शयनगृहात आणून ठेवी आणि ते निवू नये म्हणून त्यावर टॉवेल गुंडाळी. खालच्या मजल्यावरील स्वयंपाकघरात चूल, वरच्या मजल्यावर धनी, आणि मध्ये जिने; या अंतरावर उपाय म्हणून तेथील लोकांनी आधी झाकण, मग टॉवेल, आणि शेवटी एका नव्या पात्राची योजना केली.

ते पात्र म्हणजे दुहेरी कप. १८६७ साली अमेरिकेत फेसाची पेटी आणि ऊन पाण्याचे भांडे यांचा एकत्र संयोग केलेल्या कपाचे पेटंट घेतले गेले, आणि पुढच्या काळात त्याचे नाना प्रकार घरोघर दिसू लागले. त्यातील एका प्रकाराचे स्वरूप येथे सांगण्याजोगे आहे. बाहेरून तो चिनी मातीचा जाड पोटाचा कप दिसे. परंतु त्याच्या एका बाजूला रुंद तोंडाची चोच काढलेली असे आणि माथ्यावर भोके पाडलेली उथळ बशी जडविलेली असे. ऊन पाणी कपाच्या पोटात. साबणाची वडी वरच्या बशीत. ब्रश चोचीतून आत बुडवावयाचा, ओला करून वडीवर फिरवावयाचा. जादा पाणी भोकांतून निथळून पुन्हा पोटात. खालच्या पाण्याच्या उष्णतेने बशी तापलेली, बशीमुळे साबण मऊ झालेला, आणि ब्रश तर दर वेळी ऊन पाण्यातूनच बाहेर येणारा. जाड मातीची भिंत उष्णता बाहेर सहज जाऊ देत नाही. त्यामुळे दाढीचे दोन हात पुरे होईतो पाणी पुरेसे ऊन राही. इतक्या साध्या वस्तूत इतका विचार सामावलेला पाहून तिच्या अनामिक कारागिरांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. याच काळात दाढीसाठी खास साबण करण्याचा उद्योगही अमेरिकेत बहरला. कनेक्टिकट राज्यातील जे. बी. विल्यम्स यांनी १८४० च्या सुमारास त्याचा पाया घातला होता.

हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अंमलदारांनी हे पात्र आणि ही सवय बरोबर आणली असेल, परंतु पुष्कळ साहेबांना तिची गरजही पडत नसे. साहेब पहाटे बिछान्यात अर्धवट झोपेत असतानाच हजाम येऊन त्याची दाढी उरकून जाई, असे त्या काळच्या अनेक आठवणींतून नमूद आहे. स्वतः दाढी करण्याची विद्या आपल्याकडील लोकांनी शिकली ती साहेबाच्या बंगल्यावर नव्हे, तर साहेबाच्या देशात. गांधीजींनी आत्मकथेत प्रिटोरियातील गोऱ्या न्हाव्याने आपले केस कापण्याचे नाकारल्याची आणि मग आपण स्वतःच कातरयंत्र आणून केस कापल्याची हकीकत सांगितली आहे; तेथेच ते म्हणतात की विलायतेस जाणारा मनुष्य निदान स्वतःची दाढी करण्यास तरी शिकून येतोच. बॅरिस्टरी किंवा डॉक्टरी करून परतलेल्या मंडळींच्या पेटाऱ्यांतून वस्तरा, ब्रश आणि साबणाची वडी अशा रीतीने मुंबई-पुण्याच्या घरांत प्रथम शिरली. पण वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालविणे हे धाडसाचे काम होते, आणि ही मंडळी मोजकी होती.

खरी क्रांती केली ती सुरक्षित पात्याने. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली जेव्हा आपला रेझर विक्रीस काढला तेव्हा त्या संपूर्ण वर्षात अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी हाच आकडा नव्वद हजार रेझरांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि युद्ध संपल्यावर जगभर स्वतःची दाढी स्वतः करणारा पुरुष ही सामान्य गोष्ट झाली. मुंबईत आणि पुण्यात तोवर कचेऱ्यांचे वेळापत्रक माणसाच्या दिवसावर बसलेले होतेच. दहा वाजता सही करणाऱ्या कारकुनाला, कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलाला, लोकल गाठणाऱ्या गिरगावातील चाकरमान्याला पंधरवड्याने येणाऱ्या न्हाव्यावर आणि तिथीवारावर अवलंबून राहता येईना. तुळतुळीत दाढी हा जणू हुद्द्याचा एक भाग झाला आणि ती रोजच्या रोज करणे प्राप्त झाले. रोज करायची म्हणजे स्नानाच्या वेळीच करायची, आणि स्नानाच्या वेळी करायची म्हणजे मोरीपाशी. अशा रीतीने ओसरीवरचा वस्तरा पाते होऊन घर ओलांडून मागल्या अंगाला गेला.

हे स्थलांतर विनातक्रार झाले असे मात्र नाही. दाढीच्या साबणात घट्ट, टिकाऊ फेस येतो तो स्टिअरिक आम्लाच्या पोटॅशियम व सोडियम क्षारांमुळे, आणि विलायती साबणांत हे आम्ल बहुधा जनावरांच्या चरबीतून येई. ब्रशाचे केस बिज्जूचे नाही तर डुकराचे. ज्या घरात कांदाही चुलीपाशी येऊ देत नसत त्या घरात अशी वस्तू कोठे ठेवावयाची, हा प्रश्न वडीलधाऱ्या बायकांनी उपस्थित केला तर त्यात नवल नाही. त्यावर बहुतेक घरांत जी तडजोड निघाली ती अशी की दाढीचे सामान मोरीच्या खिडकीत किंवा बाहेरच्या कोनाड्यात राहील, त्याला स्वतंत्र भांडे असेल, आणि ते भांडे घासायच्या भांड्यांत कदापि मिसळायचे नाही. अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत १९१८ साली वनस्पती तेलांपासून साबण काढण्यास आरंभ केला, त्यामागे स्वदेशीचा जसा आग्रह होता तसाच या आचाराचाही विचार होता. गोदरेजच्या वस्तूंत पुढे दाढीचा साबणही आला आणि चरबीची हरकत पुष्कळांपुरती तरी मिटली.

आता बंबाकडे वळू, कारण या कथेचा खरा नायक तोच आहे. पुण्याच्या कसब्यातील तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्यांनी घडविलेला तांब्याचा बंब हे मराठी मध्यमवर्गाच्या घरातील एक भरभक्कम वैभव होते. लग्नात, नव्या बिऱ्हाडात, वाटणीच्या यादीत त्याचा स्वतंत्र उल्लेख होई. त्याची रचना अशी: तीन पायांवर उभे गोल पोट, पोटाच्या मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा, एका अंगाला पितळेची तोटी, आणि वर पाणी ओतण्याचे तोंड. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, शेणीचे तुकडे, शेंगांची टरफले किंवा रद्दी कागदाचे बोळे टाकावयाचे आणि पेटवावयाचे. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या त्या विस्तवाची उष्णता वाया म्हणून जात नसे, आणि थोड्या जळणात घरभर माणसांचे पाणी तापे. तोटीने ऊन पाणी काढावे आणि तितकेच गार पाणी वरून ओतावे, हा त्याचा रोजचा व्यवहार. सकाळी सगळ्यांत आधी उठणाऱ्या बाईच्या हातचा तो पहिला जाळ असे, आणि ज्याच्या पाण्यावर पुरुषांची सुखाने दाढी होई तो बंब पेटविण्याचे कष्ट बहुधा तिचेच असत, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोकणात बंबाऐवजी न्हाणीतल्या चुलीवर कायम बसविलेले तांब्याचे भाण असे, आणि त्याखाली नारळाची सोडणे धुमसत राहत. तेथेही काम तेच.

या बंबापाशी ऊन फेसाची जी घरगुती पद्धत रुजली ती कोणी शिकविली नव्हती आणि कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. आमच्या घरी वडील मंडळी ती कशी पाळीत ते मला नीट आठवते. प्रथम तोटीखाली धरून एक मोठा पितळी पेला कढत पाण्याने भरावयाचा आणि त्यात ब्रश केसांच्या मुळापर्यंत नव्हे, तर त्याखाली बोटभर अंतर राखून बुडवून ठेवावयाचा, कारण मुळाशी फार कढत पाणी गेले तर केस धरून ठेवणारी राळ सैल होते आणि ब्रश गळू लागतो. मग फेसाचा कप. तो बहुधा कान तुटलेला चहाचा कप असे. चहाला निरुपयोगी झालेला चिनी मातीचा कप दाढीकडे बदली होऊन येई, आणि तो तेथे पितळी वाटीपेक्षा अधिक उपयोगी पडे, कारण पितळ लवकर तापते तसे लवकर निवतेही. हा कप एका पसरट वाडग्यात ठेवून भोवती ऊन पाणी ओतले की अमेरिकेत ज्यासाठी पेटंट घ्यावे लागले ती दुहेरी पात्राची योजना दोन जुन्या भांड्यांत तयार होई. तोवर चेहऱ्यावर ऊन पाण्याने भिजवून पिळलेला पंचा धरून बसावयाचे. काही जण वाडग्याऐवजी कप बंबाच्या माथ्यावरच, नळीच्या धगीच्या थोडा बाजूला ठेवीत. आणि ज्या घरांत बंब नव्हता तेथे चुलीच्या वैलावर, जेथे आमटी ऊन राहावी म्हणून ठेवीत तेथेच, पाण्याचा एक वेगळा तांब्या सकाळपासून बसलेला असे. फेस अर्धा कप करून ठेवावयाचा, एकदा गालावर घ्यावयाचा, उरलेला वाडग्यातल्या उबेत झाकून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या हातासाठी पुन्हा तोच वापरावयाचा. पुण्यातील पौषातल्या पहाटे, मोरीची फरशी पायाला झोंबत असताना, हा दुसरा ऊन हात गालाला लागला की चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी अनेकदा पाहिले आहे.

बंबाच्या पाण्याचा आणखी एक गुण होता, तो मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी आला असेल. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपून येणारे आडाविहिरींचे पाणी ठिकठिकाणी जड असते. त्यातील चुन्याचे क्षार साबणाशी संयोग पावतात, फेसाऐवजी पांढरट चोथा तयार होतो आणि साबण वाया जातो. या जडपणापैकी जो भाग पाणी उकळल्याने निघून जातो तो बंबात कढत तापलेल्या पाण्यातून पुष्कळसा निघून जाई आणि नळीला, पोटाला आतून पांढरी खर होऊन चिकटे. महिन्या-दोन महिन्यांनी ती खर खरवडून काढण्याचे काम घरात कटकटीचे मानले जाई. पण दाढी करणाराला ते पाणी ऊन मिळत होते आणि मऊही मिळत होते, आणि त्याचा फेस आडाच्या कच्च्या पाण्यातल्या फेसापेक्षा दाट व टिकाऊ येत होता. अति कढत पाण्याने मात्र फेस विरतो. त्याची हवा फुगून बुडबुडे मोठे होतात आणि फुटतात. बोटाला सोसेल पण सहज सोसणार नाही, एवढे पाणी उत्तम, हा अनुभवाचा दंडक तापमापकावाचून सर्वांना ठाऊक होता.

यानंतरच्या साधनांची हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण त्यांत सोय वाढली तरी कल्पना नवी फारशी नाही. चाळींत बंबाची जागा रॉकेलच्या स्टोव्हवरील पातेल्याने घेतली; प्रवासी आणि वसतिगृहात राहणारे विद्यार्थी रात्री थर्मासमध्ये ऊन पाणी भरून ठेवीत आणि सकाळी त्याच पाण्याने दाढी उरकीत; विजेची कांडी आली तेव्हा बादलीतले पाणी ब्रशाच्या पेल्यात जाऊ लागले. अमेरिकेत १९५० च्या आसपास दाबाच्या डब्यातून आपोआप बाहेर पडणारा फेस लोकप्रिय झाला, आणि त्याच सुमारास केशकर्तनालयांत विजेवर चालणारी ऊन फेसाची यंत्रे बसविली गेली, ज्यांची लहान आवृत्ती पुढे घरांसाठीही निघाली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तर जिलेट कंपनीने असा फेस विक्रीस आणला की डब्याच्या तोंडाशी हायड्रोजन पेरॉक्साइड दुसऱ्या द्रव्यास मिळे आणि त्या रासायनिक क्रियेने फेस हातावर येतानाच तापे. पाणी, विस्तव आणि भांडे या तिघांनाही रजा देण्याचा तो प्रयत्न होता. बाजारात तो फार काळ टिकला नाही. गालावर घेतल्यावर तो इतर फेसांप्रमाणेच लवकर निवत असे, आणि केस मऊ होण्यास लागणारा पाण्याचा अवधी रसायनाने भरून निघत नाही.

आता शहरांतील घरांत गिझर आहे, मोरीच्या जागी बाथरूम आहे, आणि बंब दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून किंवा जुन्या सामानाच्या दुकानात मोडीच्या भावाने दिसतो. तांबट आळीतील ठोके अजून ऐकू येतात, पण त्यांच्याखाली घडतात ती बहुतेक नव्या घरांच्या सजावटीची भांडी. इंग्लंड-अमेरिकेत मात्र अलीकडे काही कुंभार दुहेरी भिंतीचे मातीचे कप पुन्हा घडवू लागले आहेत, आणि ब्रशाने दाढी करणारे लोक ते मुद्दाम मागवितात. आपल्याकडे त्यासाठी काही मागविण्याचे कारण नाही. बेसिनचे भोक बूच लावून बंद करावे, त्यात गिझरचे पाणी चार बोटे सोडावे, जाड मातीचा किंवा चिनी मातीचा कप त्यात ठेवावा, ब्रश त्यातच भिजत घालावा, आणि मधल्या वेळात चेहऱ्यावर ऊन पंचा धरून दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसावे. पाणी जड असेल तर ते आधी एक उकळी आणून निवळू द्यावे आणि वरचे तेवढे घ्यावे. हे सारे करावयास दहा मिनिटे पुरतात.